वीस तेत्री

आमच्या लिफ्टला पैसे लागतात.
आत एक पत्र्याची पेटी, पेटीला चीर,
चिरेत वीस तेत्रीचं नाणं पडल्याखेरीज
ती नवव्या मजल्याचं नावही काढू देत नाही.
उतरताना फुकट.
खाली यायला कुठेच काही पडत नाही म्हणा.

आज खिशात पाच लारींची नोट,
गुडघ्याच्या मलमाची पावती, किल्ल्या,
सुटं काही नाही.
नानुलीच्या दुकानात सुटे मागायचे
तर आधी काहीतरी घ्यावं लागतं;
माझ्याकडे अकरा काडेपेट्या जमल्यात अशाने
आणि सिगारेट सोडून चार वर्षं झाली.

ग्लदानीतला आमचा रस्ता पुन्हा खणलाय.
मार्चमध्ये पाण्यासाठी, मेमध्ये गॅससाठी,
आता कशासाठी ते खणणाऱ्यांनाही ठाऊक नाही.
कानात पिवळा बिल्ला टोचलेला कुत्रा
मातीच्या ढिगावर बसून देखरेख करतो,
त्यातल्या त्यात तोच एक कामावर असतो.
मी कडेकडेनं जाताना खड्ड्यातून
एक पोरगा वर बघून म्हणाला,
जपून, काका.

काका.
परवापर्यंत मी भाऊ होतो या रस्त्यावर.
कुठल्या रात्री पाटी बदलली?
पाणी तोडतात तेव्हा निदान
दाराला कागद चिकटवून जातात.

लिफ्टपाशी आठव्या मजल्यावरची त्सिआला उभी,
वय एक्क्याऐंशी, हातात बटाटे, औषधाच्या डबीत नाणी.
एल्गुजा, ये, म्हणाली, तुझ्या नावावर लिहिते.
लिहिते म्हणजे खरंच लिहिते,
तिच्या वहीत अख्ख्या जिन्याची उधारी आहे.

सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये
एक आचका, आणि अंधार.

(मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार.
मधेच अडकलेला मधल्या वयाचा माणूस.
नका म्हणू.
लिफ्ट १९७९ची आहे, तिला कविता कळत नाही.
मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा.)

मी दारावर थापा मारल्या.
त्सिआलानं बटाट्यांची पिशवी खाली ठेवली,
त्यावर बसली, सूर्यफुलाच्या बिया सोलू लागली.
ओरड तू, म्हणाली, तू लहान आहेस,
तुझा आवाज पोचेल.

तेवढ्यात फोन. बारीहून मझिया.
घरात जी रेंज कधी येत नाही
ती इथे, या लोखंडी डब्यात, लख्ख.
तिची म्हातारी झोपलीय, नव्वदीची सिन्योरा,
म्हणून ती कुजबुजतेय.
सात वर्षं मी माझ्या बायकोचा
फक्त कुजबुजता आवाज ऐकतोय.

कुठे आहेस?
घरीच. जवळजवळ.
अंधार का?
बल्ब गेलाय, बदलतो.

तिला चाळिशी लागली, आज चष्मा घेतला,
दाखवते म्हणाली, आणि चेहरा कॅमेऱ्यात खुपसला.
लाल काड्यांचं काहीतरी, पुसट.
फोन जवळ धरला की ती धूसर होते.
मी हात ताणला, पूर्ण ताणला,
लिफ्टच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत,
तेव्हा कुठे दिसली.
तिकडे तीही हात लांब करून
मला शोधत होती.

छान दिसतोय, मी म्हटलं.
त्सिआलानं मान डोलावली,
तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

मग लिफ्टला काय वाटलं कुणास ठाऊक,
खडखडली, दिवा लागला,
आणि आम्हांला घेऊन सरळ तळमजल्यावर आली.
दार उघडलं. समोर तोच कुत्रा.

नाणं गेलं ते गेलंच.
त्सिआलानं डबीतून दुसरं काढलं,
वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
तुझे चाळीस झाले.

अठ्ठेचाळीस, मी म्हटलं.

तिला कमी ऐकू येतं.
चाळीसच, म्हणाली, मी नीट मोजते.
बटाटे घे तेवढे.